घोटमाळचा नमुना

घोटमाळच्या पोरांनी चांगदेवला नाव ठेवलं होतं, डबीभाऊ. नाव पडावं असंच त्याचं काम होतं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत पसरलेल्या वाड्यांचा तो आरोग्यसेवक. कुणाला थंडीताप आला की बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं, पाण्यात पावडर टाकायची, लसीकरणाला पोरं गोळा करायची. आणि जुलाबाची साथ आली किंवा एखाद्या लेकराचा पाय एकाएकी लुळा पडला, की त्याची शौच झाकणाच्या डबीत घेऊन, बर्फाच्या पेटीत घालून पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचवायची. हे शेवटचं काम आलं की बाकीच्या कर्मचाऱ्यांना नेमकी दुसरी कामं निघत. चांगदेव मात्र पेटी खांद्याला अडकवून एसटीच्या मागच्या बाकावर जाऊन बसे. शेजारचा विचारी, "पावणं, मासळी हाय का काय?" चांगदेव म्हणे, "तसंच समजा."

घर वारूळवाडीला. शनिवारी घरी गेला की बायको लंकाबाई त्याला दारातच थांबवायची. अंगणात आंघोळ, मगच उंबऱ्याच्या आत. "त्या हातानं माझ्या पिठाला शिवायचं न्हाई," असा तिचा दंडक. तो हसायचा. घाणीची त्याला किळस राहिली नव्हती. त्या डबीत काय असतं ते डोळ्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचं भय किती दिवस धरायचं, असं त्याचं साधं गणित होतं.

घोटमाळशी त्याचं नातं जुळलं ते १९९४च्या साथीत. वाडीला पाणी डोंगरातून पाझरणाऱ्या एकाच झिऱ्याचं. लोक परसाकडेला जायचे ते झिऱ्याच्या वरच्या उतारावर. आषाढात वरचं सगळं वाहून खाली आलं आणि घराघरांत माणसं आडवी झाली. कुशाबा आणि कोंडाबाईची धाकटी लेक साधना तेव्हा शाळकरी होती. तिचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती. चांगदेव तिच्या उशाशी बसून चमच्याचमच्यानं मीठसाखरेचं पाणी पाजत राहिला. पोरगी जगली. तेव्हापासून कोंडाबाईनं त्याला भाऊ मानलं. भाऊबीजेला तो हजर नसला तरी त्याच्या नावाचा दिवा ती ओवाळून ठेवायची. त्याच्या सांगण्यावरून वाडीनं परसाकडची जागा बदलली, आणि चार पावसाळे गेल्यावर, साथ विसरल्यावर, पुन्हा हळूहळू जुन्या उतारावर जाऊ लागली.

मग २००३ साल उजाडलं. होळी झाली, डोंगर करपले. रेडिओवर रोज एका नव्या तापाची बातमी यायला लागली. चीनकडून निघालेला, हाँगकाँग, सिंगापूर करत विमानातून पसरणारा, श्वास कोंडून माणूस मारणारा ताप. डिंभ्याच्या चहाच्या टपरीवर लोक ऐकायचे आणि म्हणायचे, "ते तिकडं लांब. आपल्याकडं एसटी यत न्हाई धड, ताप कसा येईल?" चांगदेवही त्यांच्यात बसून हसला होता. हसताहसता त्याच्या एकदम ध्यानात आलं, की कोंडाबाईचा थोरला गोरख सिंगापूरला आहे. आयटीआयला वेल्डिंग शिकून, मुंबईच्या एजंटामार्फत तो तिथल्या जहाजांच्या कारखान्यात लागला होता. आणि वैशाखात साधनाचं लग्न होतं.

चांगदेवनं चहा अर्धा टाकला आणि घोटमाळची वाट धरली.

गोरख आलेला होता. विमानतळावर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. मुंबईहून एसटीनं, मग वडापच्या जीपमध्ये माणसांच्या मांडीला मांडी लावून तो वाडीत पोचला होता. आता गोठ्याला लागून असलेल्या पडवीत गोधडी घेऊन पडला होता. अंगात ताप, कोरडा खोकला.

"उन्हाचा ताप हाय, भाऊ," कोंडाबाई म्हणाली. "लांबनं आलाय ना पोर."

चांगदेव उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कोंडाबाईच्या ते लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला.

"गोरख," त्यानं बाहेरूनच विचारलं, "तिथं तुझ्या खोलीत कुनी आजारी व्हतं का?"

गोरखनं मान वळवली. "वरच्या बंकावरचा व्हता, भाऊ. तमिळ पोरगा. त्याला गाडी येऊन घेऊन गेली. पांढऱ्या कपड्यातली मानसं व्हती, नुसते डोळे दिसत व्हते. मग आमची खोली धुतली. तो काय परत आला न्हाई."

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आल्या. तोंडाला चार पदरी कापड, हातात रबरी मोजे, अंगावर उन्हाळ्यात रेनकोट. वाडी दारादारातून बघत होती. मॅडमनी गोरखच्या घशातून काडी फिरवून नमुना घेतला. त्याला जुलाबही सुरू झाले होते, म्हणून शौचेचा नमुनाही मागितला. डबी नेहमीप्रमाणे चांगदेवनं धरली. बर्फाची पेटी तीच, खांद्यावरचा पट्टा तोच. पण या वेळी एसटीत नाही, जीपमध्ये. आणि जीपचा ड्रायव्हर सगळ्या काचा उघड्या टाकून, मान बाहेर काढून गाडी हाकत होता.

ताप उतरला. खोकला थांबला. गोरख अंगणात येऊन बसू लागला, भाकरी मागून खाऊ लागला. पडवीतून बाहेर पडू नकोस असं सांगितलेलं, पण बऱ्या झालेल्या तरण्या माणसाला कोण अडवणार? पुण्याहून घशाच्या नमुन्याचा निकाल आला. काही सापडलं नव्हतं.

निकाल सांगायला चांगदेव जवळजवळ धावतच वर गेला. कोंडाबाईनं देवापुढं साखर ठेवली आणि विचारलं, "मग आता लगीन करायचं ना भाऊ? मांडव घालू?"

दुसऱ्या डबीचा निकाल अजून यायचा होता. चांगदेवला ते ठाऊक होतं. पण त्यानं आजवर नेलेल्या डब्यांपैकी बहुतेकींतून काहीच निघालं नव्हतं, आणि समोर पोरगा ठणठणीत उभा होता.

"घाला," तो म्हणाला. "खुशाल घाला. आता भ्यायचं काम न्हाई."

लग्न सकाळी हळद आणि संध्याकाळी अक्षता असं ठरलं होतं. नवऱ्या मुलाकडचे जुन्नरच्या अंगाचे, मुलाचा बाप सावळेराम मोठा मानी माणूस. त्या सकाळी चांगदेव नवा शर्ट घालून केंद्रातून निघायच्या बेतात होता, तेवढ्यात मॅडमनी हाक मारली. त्या फोनपाशी उभ्या होत्या. रिसीव्हर खाली ठेवलेला, तरी हात त्यावरच.

"चांगदेव, शौचेच्या नमुन्यात विषाणू सापडलाय. त्यांनी पुन्हा तपासून खात्री केली."

"पन मॅडम, पोरगा तर बरा झाला. घशात काय न्हाई निघालं."

"घशातून गेला. आतड्यातून अजून पडतोय. सिंगापूर-हाँगकाँगचे डॉक्टरही आता हेच सांगतायत. माणूस बरा दिसतो आणि पोटातून विषाणू बाहेर टाकत राहतो. किती दिवस, ते कुणालाच माहीत नाही." मग त्यांनी चांगदेवच्या नव्या शर्टाकडं पाहिलं. "आज तिथं काय आहे?"

"लगीन हाय, मॅडम," चांगदेव म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढं गोरख नव्हता, झिऱ्याचा वरचा उतार होता.

जीप वाडीत पोचली तेव्हा मांडवात बायका गाणी म्हणत होत्या. जांभळीच्या डहाळ्या अजून ओल्या होत्या. साधना पाटावर बसलेली, एका गालाला हळद लागलेली. आणि गोरख कमरेला टॉवेल गुंडाळून झिऱ्यावरून हंडे भरभरून आणत होता, मांडवातल्या पिंपात ओतत होता. आलेला प्रत्येक पाहुणा त्या पिंपात तांब्या बुडवून पीत होता. एक म्हातारी नातवाला पाजत होती.

चांगदेव तिथं जाऊन उभा राहिला आणि पिंपावर झाकण ठेवलं. गाणं थांबलं.

त्यानं सांगितलं. जमेल तितक्या हळू सांगितलं, तरी मांडवभर पोचलं. माणसं उठली, गोरखपासून सरकली. त्याच्याभोवती मोकळी जमीन तयार झाली आणि तो रिकामा हंडा हातात घेऊन मधोमध उभा.

कुशाबा पुढं आला. सहसा आवाज न चढवणारा माणूस, पण आज त्याचा आवाज चढला. "तुमीच म्हनला व्हता, भाऊ. खुशाल घाला म्हनला. आमी तुमच्या शब्दावर मांडव घातला."

"म्हनलो व्हतो बाबा. चुकलो."

"चुकलो म्हनून भागतंय व्हय? पावनं वाटंला लागलं असतील!"

गोरखनं हंडा खाली ठेवला. "आबा, गप राव्हा. मी जातो यांच्यासंगं." त्यानं बहिणीकडं बघितलं. जवळ जायला पाय उचलला आणि पुन्हा मागं घेतला. "साधे, माझ्यापायी झालं."

साधना पाटावरून उठली नाही. "तू जा दादा," ती म्हणाली. "बरा हून ये."

कोंडाबाई धावत गेली आणि तिनं लेकाचा हात धरला. मॅडम ओरडल्या, "बाई, हात लावू नका!" कोंडाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जीपच्या पायरीपर्यंत तिनं हात सोडला नाही. गोरखच्या मनगटावर हळदीची पाची बोटं उमटली.

वऱ्हाडाचा टेम्पो डिंभ्यालाच थांबला. बातमी त्यांच्याआधी खाली उतरली होती. सावळेरामनं खाली उतरून डोंगराकडं बघितलं, टोपी काढून पुन्हा घातली आणि ड्रायव्हरला टेम्पो वळवायला सांगितला. घोटमाळमध्ये शिजवलेलं अन्न खड्ड्यात पुरलं.

त्यानंतर वाडीवर जे आलं ते तापापेक्षा वाईट होतं. फाट्यावर माणूस उभा दिसला की एसटी न थांबता निघून जायची. आंबे उतरवायला येणारा व्यापारी आला नाही. आंबे झाडाखाली सडले, वास वाडीभर. खालच्या गावच्या किराणावाल्यानं घोटमाळच्या माणसाला दुकानाबाहेरूनच हाकललं. चांगदेव रोज वर जायचा. झिऱ्यात पावडर टाकायचा, उतारावर चुना पसरायचा, दारोदार तापाची चौकशी करायचा. "न्हाई, कुनाला काय न्हाई," एवढंच उत्तर यायचं, तेही दार अर्धं लोटून. पोरं आता डबीभाऊ म्हणून मागं धावत नव्हती. त्याला बघून घरात पळत होती. शनिवारी वारूळवाडीला जाणंही त्यानं बंद केलं. लंकाबाईला निरोप धाडला, काम आहे.

गोरखला तालुक्याच्या एका दवाखान्यामागं, पूर्वी क्षयाचे रोगी ठेवायचे त्या खोलीत ठेवलं होतं. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून वाढणारी बाई लांबून हाक मारायची. पुण्याहून सांगितलं होतं, नमुने नेत राहा. चांगदेव नेत राहिला. गोरख खोलीत जोरबैठका काढायचा, घाम गाळायचा, अंगानं चांगला भरला होता. आणि प्रत्येक डबीतून तोच निकाल येत होता. आहे. अजून आहे.

एकदा खिडकीच्या गजांआडून त्यानं विचारलं, "भाऊ, मला काय सुदीक व्हत न्हाई. मग माझ्यात हाय ते नक्की कुठं हाय?" तो आपल्या पोटाकडं बघत होता, परक्या जागेकडं बघावं तसा.  चांगदेवचं ते जुनं गणित, न दिसणाऱ्याचं भय न धरण्याचं, केव्हाच मोडलं होतं. आता पाण्याचा तांब्या उचलतानाही त्याचा हात थबकायचा.

वैशाख सरता सरता एका दुपारी कुशाबाचं दार आतून लावलेलं दिसलं. इतक्या उन्हात कडी लावून कोण बसतं? चांगदेवनं दार वाजवलं. बऱ्याच वेळानं कुशाबानं फट पाडली. आतून खोकला आला. कोरडा, एकामागून एक, मधे श्वासाला जागा नसलेला.

"कोंडाबाई?" चांगदेवनं विचारलं.

कुशाबा दारातून बाजूला झाला. चांगदेव तोंडाला कापड बांधून आत गेला. कोंडाबाई जमिनीवर गोधडीत होती. लेकाची तीच गोधडी. गोरख गेल्यावर तिनं ती झिऱ्याखाली धुऊन वापरायला घेतली होती. तिचे ओठ काळेनिळे पडले होते, नाकपुड्या फुलत होत्या.

"ताई, जीप बोलावतो. दवाखान्यात जाऊ. आन एक नमुना द्या." डबी त्याच्या पिशवीत होती. ती त्यानं काढली मात्र, कोंडाबाईनं डोळे उघडले.

"न्हाई देनार, भाऊ."

"ताई—"

"माझ्या पोराचा दिला. काय झालं?" तिला दम लागला, ती थांबली. "साधीला परत कुनी मागनी घालायची तर... मायला पन तेच व्हतं असं नको व्हायला. त्या डबीत माझं नाव जाऊ द्यायचं न्हाई मी." मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. "मी मेले तरी देऊ नका."

साधना भिंतीशी उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं.

चांगदेव खाली पळत गेला, फोन केला. जीप यायला दुपार टळली. मॅडमनी आणलेलं ऑक्सिजनचं नळकांडं चांगदेवनं आणि ड्रायव्हरनं घरात नेलं, तोवर कोंडाबाई गेली होती. मॅडमनी कुशाबाकडं पाहिलं, मग चांगदेवकडं. अजूनही नमुना घेता आला असता. कुशाबा प्रेताच्या आणि त्यांच्या मधे उभा राहिला. हातात काही नव्हतं त्याच्या, नुसता उभा राहिला. मॅडमनी हातमोजे काढले.

उचलायला माणसं येईनात. कुशाबा, त्याचा चुलतभाऊ धर्माजी, चांगदेव आणि चौथा जीपचा ड्रायव्हर. इतके दिवस काचा उघड्या टाकून गाडी हाकणारा तो माणूस न बोलता पुढं आला आणि त्यानं खांदा दिला. गोधडी, लुगडी, सगळं चितेवर घातलं. गोरखला चांगदेवनंच खिडकीतून सांगितलं. गोरखनं गज धरले आणि कपाळ त्यावर टेकलं. रडताना त्यानं आवाज काढला नाही. मग एवढंच म्हणाला, "शेवटी हात तिनंच धरला व्हता."

पुढं चांगदेवलाही ताप भरला. त्यानं क्वार्टरचं दार आतून लावून घेतलं आणि स्वतःची डबी स्वतः भरून चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलं. लिहिताना त्याला कळलं, की कोंडाबाई कशाला भीत होती. निकाल येईपर्यंत तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा आणि प्रत्येक श्वास मोजल्यासारखा घ्यायचा. त्याच्यात काही निघालं नाही. वाडीत आणखी काही जणांना खोकला झाला असं नंतर कानावर आलं, पण तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि पावसाळा लागल्यावर तोही विरून गेला.

भात लावणी चालू असताना गोरखचे नमुने अखेर कोरे आले. तो घरी गेला. सिंगापूरला परत गेला नाही. मंचरला गेट-ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये लागला. दोन वर्षांनी साधनाचं लग्न झालं, राजगुरुनगरकडच्या एका शिक्षकाशी, मांडव न घालता, चार माणसांत. मुलाकडच्यांनी आईचं विचारलं तेव्हा कुशाबा म्हणाला, "दम्यानं गेली." तसा कागद नव्हता, तसं नाही म्हणणाराही कागद नव्हता. साधनानं मान खाली घातली. चांगदेवची बदली बेल्ह्याला झाली आणि घोटमाळ त्याच्या वाटेवर उरलं नाही.

२००९च्या ऑगस्टात पुण्यात पुन्हा एका तापानं हाहाकार उडवला. डुकराचा ताप म्हणायचे त्याला लोक. शहरातून गावाकडं आलेल्यांची पाहणी करायला जुनी माणसं जुन्या भागात पाठवली. चांगदेव कित्येक वर्षांनी घोटमाळची चढण चढला. धुकं इतकं होतं की घरं पायापाशी आल्यावर दिसत होती.

कुशाबा ओट्यावर बसला होता. त्यानं ओळखलं, उठला नाही, पण सरकून जागा केली. चांगदेव शेजारी टेकला.

"एक विचारू भाऊ?" कुशाबा म्हणाला. "तिला तेच व्हतं का?"

"ठाऊक न्हाई, बाबा. आता कुनालाच कळायचं न्हाई."

"बरं झालं," कुशाबा म्हणाला. "कुनाला कळू नये, हेच तिला पायजे व्हतं." आणि थोड्या वेळानं, "मला मात्र झोप लागत न्हाई."

चांगदेवनं नेहमीचा प्रश्न विचारला. "घरात कुनी आजारी? पुन्याहून आलंय का कुनी?"

कुशाबाची नजर क्षणभर दाराकडं गेली. "न्हाई. कुनी न्हाई."

तेवढ्यात आत लहान पोर खोकलं.

चांगदेवनं तोंडाला रुमाल बांधला आणि आत गेला. गोरखची बायको हर्षाली चार वर्षांच्या श्रेयाला पोटाशी धरून कोपऱ्यात सरकली. ती पुण्याला भावाच्या घरी जाऊन कालच परतली होती. पोरीचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

"कुनाला सांगू नका, भाऊ," हर्षाली म्हणाली. "पाया पडते. माझ्या सासूबाईंचं आयकलंय मी."

"सांगनार, पोरी," चांगदेव म्हणाला.  "या वेळी सांगनार."

मागच्या दारी उभा असलेला गोरख आत आला. आतलं सगळं बोलणं त्यानं ऐकलं होतं. त्यानं बायकोच्या हातातून पोर घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि चांगदेवकडं न बघता म्हणाला, "चला. दवाखान्याची गाडी दारात यायला नको, मी फाट्यापर्यंत नेतो."

ते धुक्यात उतरू लागले. पुढं गोरख, मागं चांगदेव. त्यांच्या दोन्ही बाजूंनी एकेक दार लागल्याचा आवाज येत राहिला. श्रेया आठवड्यात बरी होऊन घरी आली. पण त्या दिवशी घोटमाळमध्ये कुणालाच ते माहीत नव्हतं, आणि कुशाबा अंधार पडेपर्यंत ओट्यावरून हलला नाही.